दीपनगरमधलं माझं पहिलं काम

आमच्या कॉलनीत कुणाला दुसऱ्याच्या घरात वाट विचारावी लागत नसे. वीज केंद्रातल्या कामगारांसाठी बांधलेली ती क्वार्टर्स सगळी एका साच्यातली होती. पुढची खोली, तिच्यामागे मधली, तिच्यामागे स्वयंपाकघर, मग मोरी आणि अंगण. चारही दारं एका रेषेत. पुढच्या दारात उभं राहिलं की मागच्या अंगणातली तुळस दिसायची, आमचीही आणि शेजारच्यांचीही. भिंतींना तोच पिवळट चुना, खिडक्यांना तेच हिरवे गज. ओट्याची उंची तीच, आणि दिव्याचं बटणही दाराच्या डाव्या अंगालाच. लहानपणी मी एकदा खेळून दमून आले आणि तिसऱ्याच घरात जाऊन झोपले. त्या घरातल्या बाईंनी मला उठवलंसुद्धा नाही, अंगावर चादर टाकली आणि आमच्या घरी निरोप धाडला. तेव्हा सगळे हसले. मोठी झाल्यावर मात्र मला त्या एकसारखेपणाचा असा काही तिटकारा आला की विचारू नका.

दीपनगरला तेव्हा शांतता अशी नव्हतीच. केंद्राची घरघर चोवीस तास चालू असायची आणि ती इतकी अंगवळणी पडलेली की एखाद्या वेळी संच बंद पडला की माणसं दचकून जागी व्हायची. पाळी बदलण्याचा भोंगा झाला की घरोघरी स्टोव्ह पेटत. कोळशाच्या वाघिणी रुळांवरून खडखडत जात. वाऱ्याची दिशा फिरली की वाळत घातलेल्या कपड्यांवर बारीक राख उतरायची, म्हणून बायका आधी वारा बघत आणि मग धुणं काढत. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, बॉयलरवर होते. मूळचे शिंदखेड्याकडचे. घरात आमची माय अहिराणीच बोलायची, शेजारच्या इंदूमावशी त्यांची लेवा बोली बोलायच्या, आणि दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे. आम्ही दोघी बहिणी. मोठी अक्का, आणि तिच्यामागे सात वर्षांनी मी, निर्मला. मला सगळे निमा म्हणत.

माय हातांनी जगणारी बाई होती. हे वाक्य मी आज लिहू शकते, तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नसता. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापताना ती परातीकडे बघायचीच नाही. पाण्याला आधण आलं की नाही हे ती आवाजावरून सांगायची. भरताची वांगी भाजली गेली का, हे देठाजवळ बोट लावून. तिचा एकच नियम होता, आणि तो मोडला की मार बसायचा: जी वस्तू जिथून उचलली, तिथेच परत ठेवायची. चप्पल दारात आडवी पडलेली चालत नसे. पाटावरून उठलं की पाट भिंतीला. "जठे व्हती तठेच ठेव," हे मी दिवसातून दहा वेळा ऐकायची. एकदा मी बादली मोरीच्या दारातच ठेवून शाळेत गेले, तर संध्याकाळी तिने मला उलथन्याने मारलं. तिची नडगी काळीनिळी झाली होती ते मी पाहिलं, पण ती मुळातच धांदरट असेल असं समजून चालले. आम्ही तिला शिस्तीची म्हणायचो. कॉलनीतल्या बायका तिचं उदाहरण द्यायच्या.

आता सरळच सांगते, वाचणाऱ्याला ताटकळत ठेवण्याची मला हौस नाही. माय त्या वेळी जवळजवळ आंधळी झालेली होती. तिला समोरचं तेवढं दिसायचं, नळीतून पाहावं तसं, आणि तेही लख्ख उजेडात. पायाजवळचं नाही, बाजूचं नाही, अंधारात तर काहीच नाही. सुई ओवायची, पण दारातली बादली तिला दिसायची नाही. आपलं घर तिला पाठ होतं आणि आपलं पाठ म्हणजे सगळ्या कॉलनीचंच पाठ. म्हणून ती कुठल्याही क्वार्टरमध्ये बेधडक जायची, हळदीकुंकवाला, बारशाला, मयताला. बाजारात मात्र अक्काशिवाय गेली नाही. ज्या एकसारखेपणाचा मला तिटकारा होता, तिचं सगळं चालणंफिरणं त्याच्याच जिवावर होतं. हे नानांना ठाऊक नव्हतं. पाळ्यांवर जाणारा माणूस, ताट समोर आलं की जेवायचा, झोपायचा. मला ठाऊक नव्हतं. एकट्या अक्काला ठाऊक होतं, आणि ती तोंड शिवून बसली होती.

मला आजवर शेकड्यांनी मुलाखती द्याव्या लागल्या. घरसजावटीच्या धंद्यात नाव झालं की लोकांना तुमच्या शैलीचं मूळ हवं असतं. माझ्या घरांमध्ये जमीन मोकळी असते, चालण्याच्या वाटेत काही म्हणजे काही नसतं, कोपरे गोल असतात, उंबरे नसतात, पडदे जवळपास नसतातच आणि सगळी बटणं एका उंचीवर असतात. काम हातात घेण्याआधी मी घरमालकाला डोळे मिटून त्याच्याच घरात चालायला लावते. मोठमोठे लोक हसतात, मग दोन पावलांत धडपडतात आणि डोळे उघडतात. यावर चकचकीत मासिकांनी पानंच्या पानं छापली. मूळ कुठलं, असं विचारलं की मी एखाद्या शिक्षकाचं नाव सांगत आले. ते खोटं होतं. शिक्षक बिचारे भले होते, त्यांचा यात काही संबंध नाही.

अक्काचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा धुळ्याच्या एका हायस्कुलात शिक्षक. पिंपळनेरच्या कुणाच्या तरी लग्नात त्याने तिला पाहिलं आणि विचारलं होतं, "तुम्ही वाचता काय?" एवढंच. पण अक्का त्या एका प्रश्नावर महिनाभर तरंगत होती. आमच्याकडे मुलींना असं कोण विचारतं? स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, हेच. मुलगी पाहून झाली होती, पसंती आली होती. आता मुलाची आई आणि मामा घर बघायला येणार होते आणि त्यानंतर सुपारी फुटणार होती. अक्का आतून सुखात होती आणि तितकीच भेदरलेलीही. मायच्या डोळ्यांचं बाहेर फुटलं तर लोक म्हणणार, आईचं ते लेकीत येईल. मायनेच तिला शपथ घातली होती, लग्न होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. हे सगळं मला अक्काने नंतर सांगितलं, फार नंतर.

मी तेव्हा सोळा वर्षांची, आणि दीडशहाणी. कॉलनीच्या वाचनालयात बायकांचं एक मासिक यायचं, त्यात घर कसं सजवावं यावर चित्रांसह लेख असायचे. ते मी वाचून वाचून फाडले होते. साहेब लोकांच्या बंगल्यावर एकदा हळदीकुंकवाला गेले, तिथे दिवाण पाहिला, खिडकीला जाड पडदा पाहिला, आणि आमचं क्वार्टर मला गोदामासारखं दिसायला लागलं. मासिकात एक वाक्य होतं: बैठकीत बसलेल्या पाहुण्यांना स्वयंपाकघर दिसता कामा नये. आमच्याकडे तर पुढच्या खोलीतून थेट चूल, मोरी, तुळस सगळं दिसायचं. धुळ्याची शिकलेली माणसं येणार आणि त्यांना आमची मोरी दिसणार, या विचाराने माझी झोप उडाली. मी ठरवलं की अक्काचं लग्न मी जमवणार.

तो वैशाखातला दिवस होता, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन आठ दिवस झालेले. मायने पाहुण्यांसाठी मांडे करायचे ठरवले होते. आमच्याकडचे मांडे म्हणजे पुरणाची पोळी, पण पोळपाटावर न लाटता दोन्ही हातांवर फिरवत फिरवत रुमालाएवढी करायची आणि चुलीवर उपड्या घातलेल्या खापरावर टाकायची. त्याला डोळे लागत नाहीत, मनगटं लागतात. मायच्या मांड्यांना कॉलनीत तोड नव्हती. मोठी चूल इंदूमावशींच्या अंगणात होती, म्हणून माय सकाळपासून तिकडे होती. अक्काही तिकडेच, न्हाऊन साडी नेसायला. नाना पाहुण्यांना आणायला भुसावळ स्टेशनवर गेले. घरात मी एकटी. मला एवढीच संधी हवी होती.

नानांनी जळणासाठी यंत्रांच्या सुट्या भागांची दोन मोठी खोकी आणून ठेवली होती. ती मी ओढत पुढच्या खोलीत आणली, एकाला एक लावली, वर गोधडी आणि चादर अंथरली आणि दिवाण तयार केला. तो भिंतीला लावला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. मी तो मधल्या दारासमोर तिरका लावला, पाहुण्यांची नजर अडावी म्हणून. खाट इकडची तिकडे केली. मायची जुनी मरून रंगाची साडी खिडकीला दुहेरी टांगली. भर दुपारी खोलीत संध्याकाळ झाली आणि मला ते फार सुंदर वाटलं. अजूनही सांगते, ते वाईट नव्हतं. सोळाव्या वर्षी फुकटात केलेल्या कामाच्या मानाने चांगलंच होतं. पुढे माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलींनी याहून वाईट कामं करून पैसे घेतले.

नाना पाहुण्यांना घेऊन दारात आले तेव्हा घटकाभर उंबऱ्यावरच थांबले. "वा," म्हणाले, "आपलं क्वार्टर वाटत नही." मुलाची आई उंच, सावळी, कमी बोलणारी बाई होती. तिने खोलीभर नजर फिरवली आणि मान डोलावली. मामा गप्पिष्ट होते. दिवाणावर थोपटत म्हणाले, "हे कुणी केलं?" नानांनी माझ्याकडे बोट दाखवलं. पन्हं बाहेर आणणं हे माझं काम होतं. मायने सकाळीच बजावून ठेवलं होतं, पाहुणे आले की तू नेऊन दे, मी आतच राहीन. पण मामांनी मला समोर बसवून घेतलं आणि एकेक विचारू लागले. हे कशाचं, ते कसं सुचलं? मी बोलत सुटले. आतून भांड्यांचा आवाज आला. माय मागच्या दाराने आली होती. तिने दोनदा हाक मारली, "निमा." मी ऐकलं. एक मिनिट म्हणून बोलतच राहिले.

मग माय स्वतःच पन्हं घेऊन निघाली. ती तासन् तास चुलीपुढे, वैशाखाच्या उन्हात बसून आलेली. स्वयंपाकघरातून मधल्या खोलीत आणि मधल्या खोलीतून पुढे, रोजच्या चालीने, ताठ मानेने, ओठांवर पाहुण्यांसाठी हसू घेऊन. मला ती येताना दिसत होती. ती दिवाणाला वळसा घालेल असं मी गृहीत धरलं, कारण कुणीही घातला असता. तिने पाऊल टाकलं तेव्हाच मला काहीतरी चुकतंय असं वाटलं, पण तोवर ती खोक्यावर आदळली होती. ताट सुटलं. पेले फरशीवर गडगडत गेले, पन्हं मुलाच्या आईच्या साडीवर उडालं. माय हनुवटीवर पडली आणि खोक्याचा कोपरा लागून तिथली कातडी फाटली.

पडतं कुणीही. मामा पटकन म्हणालेसुद्धा, "काही नाही, काही नाही, होतं असं." तेवढ्यावर निभावलं असतं. पण माय उठली ती दुसऱ्याच दिशेला तोंड करून उठली. त्या अंधाऱ्या खोलीत तिला कुठली बाजू कुठे आहे ते कळेना. ती म्हणाली, "आठे काय शे? निमा, आठे काय ठेवं तू?" मी तिच्यापासून दोन हातांवर होते आणि ती भिंतीशी बोलत होती. मग तिने तळवे भिंतीवर टेकवले आणि ती दार शोधू लागली. आपल्या घरातलं दार. तिचे हात सरकत सरकत खिडकीवरच्या साडीपर्यंत गेले, तिथे थांबले, परत फिरले. हनुवटीचं रक्त गळ्यावर उतरत होतं. आम्ही चौघं बघत होतो आणि कुणी जागचं हललं नाही. मीही नाही.

आवाज ऐकून अक्का इंदूमावशींकडून धावत आली, नव्या साडीत, केसांत गजरा. तिने पाहुण्यांकडे पाहिलंच नाही. सरळ मायपाशी गेली, तिच्या कोपराखाली हात घातला, दुसरा हात पाठीवर ठेवला आणि म्हणाली, "माय, मी शे. चाल. दोन पावलं, मंग दार." माय क्षणात शांत झाली आणि चालू लागली. तो हात घालण्याचा प्रकार इतका सरावाचा होता की तो पाहताच मला सगळं कळलं. वर्षांचा सराव होता तो. दुर्दैव असं, की मुलाच्या आईलाही तो पाहताच सगळं कळलं.

ती बाई दुष्ट नव्हती. तिने मायला आपल्या हाताने पाणी पाजलं, जखमेवर हळद दाबली. मग अक्काला विचारलं, "किती वर्षं झाली हे?" अक्काने खोटं बोलायला हवं होतं. ती म्हणाली, "सहा." नाना त्या क्षणी खाली बसले, माझ्याच दिवाणावर. पाहुणे जेवून गेले, मांड्यांची तारीफ केली. पंधरा दिवसांनी मध्यस्थाकरवी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर आधीच जुळवून झाली होती.

पाहुणे गेले त्याच संध्याकाळी, दिवेलागणीला, मी मायजवळ जाऊन बसले. खोकी केव्हाच अंगणात नेऊन फोडली होती, खाट जागेवर गेली होती, साडीही काढली होती. ती मारेल असं मला वाटलं, मारावं अशी इच्छाही होती. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "चांगलंच करं व्हई तू घर. बठ्ठा लोक सांगी ऱ्हायनात. माले दिखनं नही." मी आयुष्यात फार कमी वेळा रडले आहे. तेव्हाही रडले नाही, तिथून उठून गेले, आणि याची मला आजही लाज वाटते.

नानांनी तिला धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार, घराण्यातून येतो, उपाय नाही, आधी आणलं असतं तरी काही उपयोग नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. या शेवटच्या वाक्याने नाना सुटले. मी सुटले नाही, कारण माझा अपराध डोळ्यांचा नव्हता. मी सगळं होतं तिथे परत ठेवलं, दोरीने मापं घेऊन ठेवलं, पण मायचा घरावरचा विश्वास उडाला तो उडालाच. ती पूर्वीसारखी खोलीच्या मधून कधी चालली नाही. भिंतीला हात लावून चालायची. हळूहळू चुन्यावर कमरेच्या उंचीला एक मळकट पट्टा उमटला, पुढच्या दारापासून मोरीपर्यंत. शेजाऱ्यांकडे जाणं तिने सोडलं. बायका इतक्या जपून वागवू लागल्या की तिला ते सोसलं नसावं. आठ वर्षांनी ती गेली. त्या आठ वर्षांत तिने मांडे केले नाहीत.

अक्काला शिंदखेड्याला एका बिजवराकडे दिलं. आधीच्या बायकोची दोन मुलं, कापसाची शेती, सासू अंथरुणाला खिळलेली. माणूस वाईट नव्हता, पण त्याने तिला कधी काही वाचतेस का असं विचारलं नाही. मी जळगावला चित्रकला शिकायला गेले. तिथल्या एका सराफाने दुकान सजवायला दिलं तेव्हा मी कारागिरांना पहिली गोष्ट सांगितली: कोपरे घासून गोल करा. ते वेड्यासारखे माझ्याकडे बघायला लागले. सराफाला मात्र दुकान आवडलं, त्याच्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना त्याहून आवडलं. तिथून पुढे पुणं, मुंबई, हॉटेलं, दवाखाने. लोक त्याला माझी दृष्टी म्हणतात. मला तो शब्द ऐकवत नाही. त्या धुळ्याच्या बाईंचं चुकलं असंही मला म्हणता येत नाही. अक्काला पंचेचाळिशीत दिसेनासं होत गेलं.

गेल्या वर्षी जळगावला माझा सत्कार होता, तो उरकून मी शिंदखेड्याला गेले. अक्का आता एकटीच राहते, मुलं सुरतेला. पंचाहत्तरीची, पूर्ण आंधळी, पण घरात अशी फिरते की पाहुण्याला कळू नये. मात्र ते घर म्हणजे पावलोपावली अडथळा. जिन्याखाली गॅसची टाकी, चालण्याच्या वाटेत खुर्ची, तिचे चारही पाय बाहेर पसरलेले. मी म्हटलं, "अक्का, मला दोन महिने दे. माणसं आणते, तुझं घर मी स्वतः करून देते. तू कधी पडणार नाहीस असं." ती नको म्हणाली. हसून, प्रेमानेच म्हणाली. मी पुन्हा विचारलं तर विषय बदलून माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. ती आत वळली तेव्हा मला राहवलं नाही आणि ती खुर्ची मी उचलून भिंतीकडे न्यायला लागले. खुर्चीचा पाय फरशीला जरासा घासला असेल.

ती जिथे होती तिथेच थांबली. "निमा," ती म्हणाली, "काय सरकाई ऱ्हायनी तू?" आवाज चढलेला नव्हता. त्यात भीती होती, आणि तिला भीती वाटत होती ती माझी. मी म्हटलं, काही नाही, ठेवली परत, होती तशी. आणि खरोखरच ठेवली होती, बोटभरसुद्धा इकडेतिकडे नाही. अक्का "बरं" म्हणाली. मग सावकाश चालत आली, माझ्या शेजारून पुढे गेली, वाकून खुर्चीची पाठ चाचपली, मग एकेक करून चारही पाय कुठे आहेत ते हाताने पाहिलं, आणि त्यानंतरच चहा ठेवायला आत गेली.